दारव्ह्याचा कापूस, लंडनचा पौंड आणि न्यूयॉर्कचा डॉलर : राखीव चलनाचे विशेषाधिकार नेमके कोणते?

दारव्ह्याच्या बाजारात कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याने डॉलरची नोट हातात घेतलेली नसते. तो रुपयात बियाणं घेतो, रुपयात मजुरी देतो आणि रुपयातच विकतो. तरीही त्याला मिळणाऱ्या भावात डॉलर दडलेला असतो. शंभर वर्षांपूर्वी याच गावातून निघालेल्या कापसाच्या भावात ब्रिटिश पौंड असाच दडलेला होता. चलन बदललं, रचना बऱ्यापैकी तीच राहिली. ही रचना काय आहे, तिचा फायदा कोणाला होतो आणि ती किती दिवस टिकेल, हा आजच्या लेखाचा विषय.

नेट-सेट किंवा पेटच्या तयारीत 'डॉलरचे वर्चस्व' हा मुद्दा बहुतेकांनी वाचलेला असतो. पण तो वाचलेला असतो दोन टोकांनी. एक तर 'ब्रेटन वुड्स, १९४४' ही एका ओळीची टीप, नाहीतर 'डॉलरचा अंत जवळ आला' असे व्हिडिओ. दोन्हींतून संशोधनाचा प्रश्न तयार होत नाही. म्हणून जरा सावकाश जाऊ.

राखीव चलन म्हणजे काय?

पैशाची तीन कामं आपण बारावीपासून घोकतो : विनिमयाचं माध्यम, मूल्याचं मोजमाप आणि मूल्याचा साठा. आंतरराष्ट्रीय चलन हीच तीन कामं देशाच्या सीमेबाहेर करतं. बेंजामिन कोहेन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आणि पुढे पीटर केनेन यांनी या तीन कामांचे दोन-दोन भाग पाडले : खासगी वापर आणि सरकारी वापर. म्हणजे सहा घरांचा एक तक्ता होतो.

खासगी बाजूला बघा. व्यापारी ज्या चलनात पैसे चुकते करतात ते माध्यम, ज्या चलनात बिल फाडतात ते मोजमाप आणि गुंतवणूकदार ज्या चलनात पैसे ठेवतात तो साठा. सरकारी बाजूला, मध्यवर्ती बँक बाजारात हस्तक्षेप करताना जे चलन विकते-घेते ते माध्यम, आपल्या चलनाचा दर ज्याच्याशी बांधते ते मोजमाप आणि गंगाजळीत जे ठेवते तो साठा.

'राखीव चलन' हे या सहापैकी फक्त शेवटचं घर आहे. हे लक्षात ठेवा, कारण 'डॉलरचा वाटा घसरला' असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न हाच विचारायचा : कोणत्या घरातला वाटा? आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या आकडेवारीप्रमाणे जगातल्या मध्यवर्ती बँकांच्या परकीय चलन साठ्यात डॉलरचा वाटा १९९९ मध्ये सुमारे ७१ टक्के होता, तो २०२४ पर्यंत ५८ टक्क्यांच्या आसपास आला. घसरण खरी आहे. पण चलनबाजारात २०२२ मध्ये सुमारे ८८ टक्के व्यवहारांत एका बाजूला डॉलर होता. एका घरात उतार आणि दुसऱ्या घरात जवळपास पूर्ण ताबा, अशी स्थिती एकाच वेळी असू शकते.

आधी पौंड : कापसाचे पैसे लंडनमध्येच कसे राहायचे?

अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) तिथला कापूस लँकेशायरला मिळेना, तेव्हा इंग्रजांची नजर वऱ्हाडावर वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर ही नॅरोगेज लाइन टाकली. तीच आपली शकुंतला. दारव्हा त्या मार्गावरचं महत्त्वाचं स्टेशन. इथला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायचा, तिथून मुंबई आणि पुढे बोटीने विलायतेला.

इथपर्यंतचा इतिहास आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतो. कापूस गेला, हे आपण सांगतो. पण पैसे कसे आले, हे कोणी विचारत नाही. खरी गंमत तिथे आहे.

इंग्लंडमधल्या आयातदाराला भारतात रुपये द्यायचे असत. तो लंडनमध्ये भारतमंत्र्याच्या कार्यालयाकडून 'कौन्सिल बिल' विकत घेई आणि त्याची किंमत तिथेच पौंडात भरी. ते बिल टपालाने भारतात येई. इथे ते सरकारी तिजोरीत दाखवलं की रुपये मिळत आणि त्या रुपयांतून कापूस खरेदी होई. म्हणजे शेतकऱ्याला रुपये मिळाले ते भारतातल्याच महसुलातून, आणि कापसाच्या निर्यातीचे पौंड राहिले लंडनमध्ये. त्या पौंडातून भारत सरकारचे 'होम चार्जेस' भागवले जात : रेल्वेच्या भांडवलावरचं व्याज, निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनं, इंडिया ऑफिसचा खर्च. उरलेली शिल्लक आणि भारताच्या चलनाच्या पाठीशी असलेल्या गंगाजळीचा मोठा भागही लंडनमध्येच असे आणि त्यातला काही पैसा तिथल्या नाणेबाजारात कमी मुदतीने उसना दिला जाई.

राखीव चलनाचा विशेषाधिकार म्हणजे काय, ते इथे उघड दिसतं. माल देणाऱ्या देशाची बचत राखीव चलनाच्या देशातच राहते आणि त्या देशाला ती स्वस्तात वापरायला मिळते. पौंडाच्या बाबतीत यात राजकीय सत्तेचा जोर होता. वसाहतीला पर्याय नव्हता. डॉलरच्या बाबतीत हेच बहुतांशी स्वखुशीने होतं, आणि म्हणूनच ते समजून घेणं जास्त अवघड आहे.

एका प्रबंधाचा विषय

या व्यवस्थेला सुवर्ण विनिमय प्रमाण म्हणत. देशात रुपया हे नाणं, पण त्याची किंमत लंडनमधल्या पौंडाच्या साठ्याच्या आधाराने टिकवायची. केन्स यांनी १९१३ च्या आपल्या भारतीय चलनावरच्या पुस्तकात या पद्धतीची बाजू घेतली होती. तिच्यावर कडक टीका करणारा प्रबंध लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये लिहिला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या नावाने तो १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा : रुपयाचा बाहेरचा दर स्थिर ठेवला म्हणजे चलन स्थिर झालं असं होत नाही. रुपये किती काढायचे यावर मर्यादा नसेल, तर देशातल्या किमती वाढतात आणि त्याचा भार पगारदार-मजुरांवर पडतो. म्हणून दरापेक्षा चलन काढण्यावर आळा घालण्याला त्यांनी महत्त्व दिलं. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी आपली मांडणी केली.

संशोधनाच्या वाटेवर असलेल्या प्रत्येकाने हा प्रबंध एकदा तरी हातात घ्यावा असं मला वाटतं. श्रद्धेपोटी घ्याच, पण पद्धतीसाठीही घ्या. त्यांनी 'पौंडाचे वर्चस्व' असा ढगळ विषय घेतला नाही. एक व्यवस्था घेतली, तिचा इतिहास लावला, तिच्या समर्थकांचा सर्वांत मजबूत युक्तिवाद मांडला आणि मग तो कुठे तुटतो ते दाखवलं.

साठा आहे, पण वापरता येत नाही

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने भारतातून प्रचंड माल आणि सेवा घेतल्या. पैसे पौंडात, तेही लंडनमधल्या खात्यावर जमा. त्याच्या जोरावर इथे रुपये छापले गेले आणि महागाई भडकली. युद्ध संपेपर्यंत भारताची ही 'स्टर्लिंग शिल्लक' सुमारे १३० कोटी पौंडांपर्यंत गेली होती. कर्जबाजारी वसाहत अचानक सावकार झाली.

जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. ही शिल्लक इतर चलनांत बदलून मिळण्याचा मार्ग निघावा, असा भारताचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही. हा विषय ब्रिटन आणि भारत यांनी आपसात सोडवावा, असं ठरलं. पुढे १५ जुलै १९४७ रोजी पौंड परिवर्तनीय झाला आणि जेमतेम पाच आठवड्यांत, २० ऑगस्टला, ती सोय बंद करावी लागली. ऑगस्ट १९४७ च्या करारात भारताची बहुतेक शिल्लक गोठवलेल्या खात्यात गेली, ती हळूहळू मोकळी होणार होती.

मग सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचं सुमारे ३०.५ टक्के अवमूल्यन केलं. डॉलरच्या हिशेबात भारताची शिल्लक एका रात्रीत तेवढी आटली. भारतानेही रुपयाचं तेवढंच अवमूल्यन केलं, डॉलरचा दर ३.३१ रुपयांवरून ४.७६ रुपयांवर गेला. पाकिस्तानने मात्र केलं नाही. त्यामुळे पाकिस्तानचे शंभर रुपये भारताच्या १४४ रुपयांबरोबर झाले आणि सिंध-पंजाबच्या लांब धाग्याच्या कापसावर चालणाऱ्या मुंबईच्या गिरण्यांची अडचण झाली. दोन शेजाऱ्यांचा कापसाचा व्यवहार अडला तो लंडनमधल्या निर्णयाने.

यातून एक महत्त्वाची गोष्ट शिकायची. राखीव साठा ही देणेकऱ्याच्या शब्दावर उभी असलेली मालमत्ता आहे. तुमच्या नावावर किती आहे याइतकाच, ती हवी तेव्हा आणि हव्या त्या कामाला मिळेल का, हा प्रश्न मोठा असतो.

डॉलरची गादी

ब्रेटन वुड्समध्ये ४४ देशांनी मिळून जी व्यवस्था ठरवली तिच्यात डॉलर सोन्याशी बांधला होता (एक औंस सोनं बरोबर ३५ डॉलर) आणि बाकीची चलनं डॉलरशी. १९६० मध्ये रॉबर्ट ट्रिफिन यांनी या व्यवस्थेतली गाठ दाखवली. जगाचा व्यापार वाढायचा तर जगाला जास्त डॉलर हवेत. ते बाहेर जायचे तर अमेरिकेने तूट सोसायला हवी. पण जितके डॉलर बाहेर, तितकं त्यांच्या बदल्यात सोनं देण्याच्या वचनावरचा विश्वास कमी. १५ ऑगस्ट १९७१ रोजी निक्सन यांनी सोन्याची खिडकी बंद केली आणि ट्रिफिन यांचा इशारा खरा ठरला.

पण गंमत बघा : सोन्याची दोरी तुटल्यावर डॉलर कोसळायला हवा होता. किंमत घसरली, तरी वापर टिकला. याचं कारण सोन्यात नव्हतं, जाळ्यात होतं. सगळे डॉलर वापरतात म्हणून मीही वापरतो, आणि मी वापरतो म्हणून दुसऱ्याला सोडणं महाग पडतं. शिवाय अमेरिकी सरकारी रोख्यांचा बाजार इतका मोठा आणि खोल की अब्जावधींची विक्री भाव फारसा न हलवता होऊ शकते. अशी दुसरी जागा आजही नाही.

विशेषाधिकार : मोजता येतील असे

१९६० च्या दशकात फ्रान्सचे अर्थमंत्री व्हॅलरी जिस्कार देस्ताँ यांनी याला 'अवाजवी विशेषाधिकार' असं नाव दिलं. परीक्षेत हे नाव विचारतात. संशोधनात विचारतात : किती अवाजवी? आपण चार भाग करू.

एक, नोटांवरचं बिनव्याजी कर्ज. अमेरिकेच्या छापील नोटांपैकी निम्म्याच्या आसपास देशाबाहेर आहेत असे अंदाज आहेत. ज्याने त्या नोटा घेतल्या त्याने बदल्यात खरा माल दिला. हा फायदा खरा, पण अमेरिकेच्या आकाराच्या मानाने छोटा.

दोन, स्वस्त कर्ज. जगाला सुरक्षित आणि सहज विकता येणारी मालमत्ता हवी असते, म्हणून अमेरिकी सरकारला कमी व्याज द्यावं लागतं. कृष्णमूर्ती आणि व्हिसिंग-यॉर्गेनसेन यांच्या २०१२ च्या अभ्यासात १९२६ ते २००८ या काळासाठी ही सवलत सरासरी ०.७३ टक्का-अंक निघाली.

तीन, उत्पन्नातला फरक. गुरिंशा आणि रे यांनी २००७ मध्ये दाखवलं की अमेरिका बाहेरून रोख्यांच्या रूपाने स्वस्तात घेते आणि बाहेर शेअर-कारखान्यांत जास्त परताव्याने गुंतवते. त्यांच्या हिशेबात हा फरक वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास होता. इतर संशोधकांनी आकडेवारीच्या मोजणीवर बोट ठेवून तो बराच लहान असल्याचं म्हटलं. हा वाद अजून मिटलेला नाही. याच लेखकांनी नंतर दुसरी बाजूही मांडली : २००८ सारख्या संकटात अमेरिकेची बाहेरची मालमत्ता पडते आणि तिने जगाला दिलेले रोखे मात्र किंमत टिकवून असतात. म्हणजे अमेरिका जगाची विमा कंपनी आहे. शांततेत हप्ते गोळा करते, संकटात भरपाई देते.

चार, समायोजनाचा भार दुसऱ्यावर टाकता येणं. भारताने १९९१ मध्ये तूट कशी सोसली ते आठवा. मे महिन्यात २० टन आणि जुलैमध्ये सुमारे ४७ टन सोनं परदेशात न्यावं लागलं, कारण तेल आणि खताची बिलं रुपयात घेणारं कोणी नव्हतं. तूट अमेरिकेचीही असते, पण ती स्वतःच्या चलनात कर्ज काढून भागवता येते. माझ्या मते चारांपैकी सर्वांत वजनदार विशेषाधिकार हाच आहे, आणि मोजायला सर्वांत अवघडही हाच.

हे दारव्ह्यापर्यंत कसं पोचतं?

आता थोडं गणित करू. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात रुईचा भाव एका रत्तलाला सेंटमध्ये सांगतात. समजा भाव ७० सेंट आहे आणि डॉलर ८४ रुपयांना आहे. एक किलो म्हणजे २.२०४६ रत्तल. म्हणून किलोला ०.७० × २.२०४६ × ८४, म्हणजे सुमारे १२९.६० रुपये. ३५६ किलोची खंडी झाली साधारण ४६,१०० रुपये. आता न्यूयॉर्कचा भाव तोच राहू द्या, पण डॉलर ८८ रुपये होऊ द्या. किलोचे १३५.८० आणि खंडीचे सुमारे ४८,३०० रुपये. एक क्विंटल कापसातून ३४ किलो रुई निघते असं धरलं, तर क्विंटलमागे रुईच्या किमतीत सुमारे २१० रुपयांचा फरक पडला. कापूस तोच, शेत तेच, फक्त विनिमय दर हलला.

हे गणित जसंच्या तसं बाजारात उतरत नाही, हेही सांगायला हवं. सरकीचा भाव, हमीभाव, सीसीआयची खरेदी, वाहतूक, आयात शुल्क या सगळ्या गोष्टी मध्ये येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क तात्पुरतं काढलं, तेव्हा आयातीचा कापूस गिरणीला तेवढा स्वस्त झाला आणि देशी भावाची वरची मर्यादा खाली आली. पण ती मर्यादा मुळात काढायची कशी? न्यूयॉर्कचा भाव गुणिले डॉलरचा दर.

मग रुपया पडला की शेतकऱ्याचा फायदा, असं समजायचं का? अर्धंच. डिझेलचं कच्चं तेल, डीएपी आणि पोटॅश हेही डॉलरमध्येच येतं. भाव वाढला तरी खर्चही वाढतो, आणि सहसा खर्च आधी होतो, भाव नंतर मिळतो.

दुसरी बाजू आणखी महत्त्वाची आहे. गीता गोपीनाथ आणि सहकाऱ्यांनी 'वर्चस्वी चलना'ची जी चौकट मांडली, तिचं भारतापुरतं एक ठळक उदाहरण आहे : भारताच्या आयातीपैकी सुमारे ८६ टक्क्यांची बिलं डॉलरमध्ये असत, पण अमेरिकेतून येणारी आयात होती फक्त ५ टक्क्यांच्या आसपास. दोन देश आपसात व्यवहार करतात आणि मोजपट्टी तिसऱ्याची. त्यांच्या अभ्यासाप्रमाणे डॉलर इतर सर्व चलनांच्या तुलनेत १ टक्का वधारला, तर उर्वरित जगाचा आपसातला व्यापार वर्षभरात सुमारे ०.६ टक्के घटतो.

आपल्या कापूस-सुताचा मोठा गिऱ्हाईक बांगलादेश. मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने व्याजदर जवळजवळ शून्यावरून सव्वापाच-साडेपाच टक्क्यांवर नेले. डॉलर वधारला, बांगलादेशात डॉलरचा तुटवडा झाला आणि तिथल्या आयातदारांना एलसी उघडणं मुश्कील झालं. ढाक्याच्या गिरणीला कापूस हवा, आपल्याकडे कापूस आहे, मध्ये सीमा फक्त एक. तरी व्यवहार अडतो, कारण दोघांपैकी कोणीच डॉलर छापत नाही. १९४९ ची आठवण होते ना?

इथे एक बारकावा सांभाळा. गोपीनाथ यांची चौकट प्रामुख्याने ज्यांच्या डॉलरमधल्या किमती लवकर बदलत नाहीत अशा मालासाठी आहे, उदाहरणार्थ तिरुप्पूरचा टी-शर्ट. कापूस हा बाजारात रोज भाव ठरणारा कच्चा माल. दोन्हींवर डॉलरचा परिणाम होतो, पण वाट वेगळी. सिनॉप्सिसमध्ये ही दोन टोकं एकत्र केली की तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येतो.

पुढे काय?

इतिहासातून दोन उत्तरं निघतात आणि ती एकमेकांशी भांडतात. जुनं मत असं की राखीव चलनाची गादी एकाचीच असते आणि ती हळू सरकते. अमेरिकेची अर्थव्यवस्था ब्रिटनच्या पुढे गेली एकोणिसाव्या शतकात, पौंड मागे पडला दुसऱ्या महायुद्धानंतर. आपल्या रुपयानेही पौंडाशी असलेली गाठ सोडली ती थेट सप्टेंबर १९७५ मध्ये. दुसरीकडे आयकेनग्रीन आणि फ्लांड्रो यांनी मध्यवर्ती बँकांच्या दफ्तरखान्यांतले आकडे काढून २००९ मध्ये दाखवलं की डॉलरने पौंडाला १९२० च्या दशकाच्या मध्यातच गाठलं होतं आणि दोन चलनं बराच काळ शेजारी-शेजारी नांदली. हे खरं असेल तर उद्याच्या जगात एकापेक्षा जास्त राखीव चलनं असू शकतात.

आजचे पर्याय तपासा. युरोचा साठ्यातला वाटा सुमारे २० टक्के, पण त्याच्या मागे एकच मोठा समान सरकारी रोख्यांचा बाजार नाही. चीनच्या युआनचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास. चीनचा व्यापार अफाट, पण भांडवल आत-बाहेर नेण्यावर नियंत्रण. अर्सलानाल्प, आयकेनग्रीन आणि सिम्पसन-बेल यांनी २०२२ मध्ये दाखवलं की डॉलरने गमावलेल्या वाट्यापैकी साधारण चौथा भाग युआनकडे गेला आणि बाकीचा ऑस्ट्रेलिया, कॅनडा, दक्षिण कोरिया अशा लहान चलनांकडे. म्हणजे गादीवर नवा राजा बसत नाहीये. कोपरे झिजतायत.

२०२२ मध्ये रशियाचा सुमारे ३०० अब्ज डॉलरचा साठा गोठवला गेला आणि स्टर्लिंग शिल्लकेचा प्रश्न नव्या रूपात परत आला : माझा साठा मला वापरता येईल का? अनेक मध्यवर्ती बँकांनी सोनं वाढवलं. आपल्या रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये नाणेनिधीकडून २०० टन सोनं घेतलं होतं, आणि २०२३-२४ मध्ये सुमारे १०० टन सोनं ब्रिटनमधून देशात आणलं.

रुपयाचं काय? रुपया एकेकाळी आंतरराष्ट्रीय होता. आखाती देशांत तो चालायचा, १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखाती रुपयाही काढला. पण त्या देशांनी पुढे स्वतःची चलनं काढली आणि जून १९६६ च्या अवमूल्यनानंतर उरलेल्यांपैकी बहुतेकांनीही रुपया सोडला. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यापाराचे व्यवहार रुपयात करण्याची सोय दिली, त्यासाठी विशेष व्होस्ट्रो खाती आली. मे २०२३ मध्ये गोव्यात शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी आलेले रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव यांनी अडचण सांगितली : भारतीय बँकांत अब्जावधी रुपये साठलेत, ते वापरायचे कुठे? तेल देऊन रुपये मिळाले, पण रशियाला भारताकडून तेवढा माल घ्यायचा नव्हता. इथे ट्रिफिन उलट्या बाजूने भेटतात. आपलं चलन जगाने साठवावं असं वाटत असेल, तर त्या साठ्याचं काही करता येईल असा खोल, मोकळा आणि विश्वासाचा बाजार आधी द्यावा लागतो. घोषणेने साठा होत नाही.

यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?

'डॉलरच्या वर्चस्वाचा भारतीय अर्थव्यवस्थेवरील परिणाम' हा विषय मार्गदर्शकाकडे नेला तर तो परत येईल, आणि येऊ द्या. त्याऐवजी हे बघा :

- विदर्भातल्या दोन-तीन बाजार समित्यांचे कापसाचे मासिक भाव, न्यूयॉर्कचा वायदे भाव आणि डॉलरचा दर घ्या. दोन्हींचे परिणाम वेगळे काढा. हमीभावापेक्षा बाजारभाव वर असताना आणि खाली असताना डॉलरचा असर सारखाच असतो का?
- भारत-बांगलादेश सुताच्या व्यापारात कोणता दर जास्त बोलतो : रुपया-टाका की टाका-डॉलर?
- भावाची घसरण शेतकऱ्यापर्यंत लवकर पोचते आणि वाढ उशिरा, असं बाजारात सगळेच म्हणतात. आकड्यांत ते दिसतं का?
- १९०० ते १९१४ या काळात कौन्सिल बिलांची विक्री आणि कापूस हंगाम यांचा मेळ कसा होता?

आकडेवारी बरीचशी फुकट आहे. साठ्यातल्या वाट्यासाठी नाणेनिधी, विनिमय दरासाठी रिझर्व्ह बँक, बाजारभावासाठी ॲगमार्कनेट आणि राज्य पणन मंडळ. एक सावधगिरी : साठ्यातल्या डॉलरचा वाटा कमी झालेला दिसला, तर तो बँकांनी डॉलर विकल्यामुळे की फक्त युरो-येनचे दर बदलल्यामुळे, हे आधी तपासा. हा फरक न केलेले लेख ढिगाने सापडतील.

आणि विषय कोणताही घ्या, शेवटी एक प्रश्न विचारून बघा : या व्यवस्थेत धक्का बसला की तडजोड कोणाला करावी लागते? कौन्सिल बिलाच्या काळात ती लंडनने केली नाही, आज न्यूयॉर्क करत नाही. ती होते ढाक्याच्या गिरणीत, मुंबईच्या तेलाच्या बिलात आणि दारव्ह्याच्या कापसाच्या काट्यावर. त्यातली नेमकी किती, कुठे आणि किती दिवसांनी, हे आपल्या भागाच्या आकड्यांवरून मोजून दाखवणारं काम फार थोडं आहे. ते न्यूयॉर्कमधलं कोणी येऊन करणार नाही. तेव्हा सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा आधी बाजार समितीच्या भावांची फाइल उघडा, मग जगाचा नकाशा.